घर अंगावर बांधणारी अळी

वालावलला लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि त्याला लागून असलेला तलाव पाहायला लोक येतात. मी पाहुण्यांना व्हाळावरही नेतो. पावसाळा सरून पाणी निवळलं की घोटाभर पाण्यातला एखादा दगड हलकेच उचलायचा आणि पाणी घातलेल्या पांढऱ्या थाळीत ठेवायचा.

थाळीतली एखादी काडीच चालू लागली, तर ती बहुधा कॅडिसमाशीची अळी. तोंडाजवळून ती रेशीम काढते आणि वाळूचे कण, पानांचे तुकडे, काटक्या चिकटवून अंगाभोवती नळी बांधते. टणक डोकं, त्यामागे पायांच्या तीन जोड्या आणि शेपटाशी दोन आकडे, एवढं दिसलं की ओळख पटली. पाण्यातल्या काही पतंगांच्या अळ्याही पानांत राहतात, पण त्यांच्या पोटाखाली मांसल पाय असतात. हिला ते नसतात.

घरावरून कुळही कळतं. बारीक वाळूची निमुळती नळी बहुधा लेप्टोसेरिडी कुळातली. पानाचे दोन लंबगोल तुकडे, वरचा मोठा, असं घर कॅलामोसेरॅटिडीचं. हेलिकोसायकीचं वाळूचं घर तर शंखासारखं वळलेलं असतं. 1834 मध्ये आयझॅक ली या शिंपले-अभ्यासकाने ते गोगलगाय समजूनच नोंदवलं होतं! हायड्रोसायकी मात्र असं घर घेऊन फिरत नाही, ती धारेत जाळं लावून वाहतं अन्न धरते.

यांतल्या पुष्कळ जातींना स्वच्छ, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. तेव्हा फवारणीचे पंप व्हाळात धुऊ नका, आणि पाहून झालं की अळी पाण्यात सोडून दगड होता तसा ठेवा.