थंडीत इंजिन का रुसते?

डिसेंबर-जानेवारीतील एखादी पहाट डोळ्यांपुढे आणा. नांदेडला गोदाकाठी धुके उतरले आहे. तिकडे लातूरच्या बाजूला उसाच्या फडावर निघालेला ट्रॅक्टर अंगणातच उभा आहे आणि चालक पुन्हापुन्हा स्टार्टर मारीत आहे. ‘घर्र... घर्र...’ असा आवाज होतो आणि विरतो. दुपारी हेच इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होते. इंजिनाला थंडी वाजते, असे आपण गमतीने म्हणतो. पण लोखंडाला कसली आली आहे थंडी! मग पहाटे नेमके अडते कुठे?

आपल्याकडे काही बर्फ पडत नाही. परंतु मराठवाडा समुद्रापासून दूर आहे. हिवाळ्यात हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असते, त्यामुळे जमिनीने दिवसभर साठवलेली उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते. पहाटे पारा 10 अंशांखाली आणि दुपारी 30 च्या आसपास, असे एकाच दिवसात घडू शकते. या वीस-बावीस अंशांतच सारी गोम आहे.

आधी मोटारसायकल पाहू. पेट्रोल पेटते असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे. द्रव पेट्रोल पेटत नाही, पेटते ती त्याची वाफ. आणि तीही हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली हवी. वजनाने सुमारे 15 भाग हवा आणि 1 भाग पेट्रोल हे ते प्रमाण. आता असे पहा, पेट्रोल हा एकच पदार्थ नव्हे. त्यात अनेक हायड्रोकार्बने एकत्र नांदतात. काही 40 अंशांच्या आसपास उकळतात, तर काहींना 200 अंशांपर्यंत तापवावे लागते. गार इंजिनात हलकी मंडळी तेवढी वाफ होऊन उडतात. जड मंडळी थेंबांच्या रूपाने गार भिंतींना चिकटून बसतात. ठिणगी पडते खरी, पण तिच्याभोवती पुरेशी वाफच नसते.

यावर उपाय एकच: पेट्रोलच जास्त द्यावयाचे, म्हणजे त्यातला हलका भाग तरी कामापुरता मिळेल. चोक हेच करतो. चोक ओढला की पेट्रोलची तोटी उघडते, अशी पुष्कळांची समजूत असते. जुन्या पद्धतीच्या चोकमध्ये मात्र कार्ब्युरेटरच्या तोंडाशी असलेली झडप हवेची वाट अडवते. हवा कमी मिळाली की दट्ट्याच्या ओढीमुळे आत दाब आणखी घटतो आणि पेट्रोल अधिक खेचले जाते. चेतक स्कूटर 1972 साली आली, त्या पिढीतले लोक सकाळी स्कूटर एका कुशीवर कलती करून मग किक मारीत. तुमच्या आजोबांना विचारा, ते हसून सांगतील! तो काही तोटका नव्हता. स्कूटर कलल्यावर कार्ब्युरेटरच्या कप्प्यातले थोडे पेट्रोल आतल्या वाटेत उतरे, म्हणजे चोकचेच काम होई. एप्रिल 2020 पासून बी.एस. 6 नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर गेला. आता इंजिनाचे तापमान एक संवेदक मोजतो आणि त्यानुसार पेट्रोल फवारले जाते.

डिझेल इंजिनाची गोष्ट याहून रंजक आहे. त्यात ठिणगीच नसते! 1890 नंतरच्या दशकात रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने हे इंजिन साकारले. हवा इतकी दाबावयाची की ती आपोआप तापेल आणि तिच्यात फवारलेले इंधन पेट घेईल, ही त्यामागची कल्पना. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते ना, तेच तत्त्व.

थोडे गणित करू. हवा सतराव्या भागाइतक्या जागेत दाबली आणि उष्णता मुळीच बाहेर गेली नाही, तर तिचे केल्विनमधील तापमान सुमारे 3.1 पट होते. दुपारी 30 अंश, म्हणजे 303 केल्विन. त्याचे झाले 939 केल्विन, म्हणजे 666 अंश सेल्सिअस. पहाटे 8 अंश, म्हणजे 281 केल्विन. त्याचे 871 केल्विन, म्हणजे 598 अंश. बाहेर 22 अंशांची तूट होती, आत ती 68 अंशांची झाली!

तुम्ही विचाराल, डिझेल तर 250 अंशांच्या आसपास आपोआप पेटते, मग 598 अंश का पुरू नयेत? पुरले असते; पण उष्णता बाहेर जात नाही हे आपण केवळ गणितापुरते मानले. प्रत्यक्षात गार लोखंड ती शोषून घेते आणि दट्ट्याच्या कड्यांतून थोडी हवा निसटते. इंजिन जितके सावकाश फिरेल, तितका या चोरीला अधिक वेळ मिळतो.

आणि पहाटे ते सावकाशच फिरते. एक तर तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, वाढलेली असते. डब्यावर ‘20 डब्ल्यू 40’ असे लिहिलेले असते, त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे हिवाळा. पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा, दुसरा तापलेल्या इंजिनातला. दुसरे म्हणजे बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. जेव्हा जोर अधिक हवा, नेमका तेव्हाच तो कमी मिळतो. म्हणून लागोपाठ स्टार्टर दाबून धरू नये. मध्ये थोडे थांबावे, बॅटरीला सावरू द्यावे. ज्या इंजिनांत हीटर प्लग असतो, तिथे तो आधी तापू द्यावा.

शेतातल्या जुन्या ऑइल इंजिनांना बॅटरी नसे. तिथे एक खटका दाबून झडप उघडी ठेवीत, म्हणजे हवा दाबली जात नसे आणि हँडल हलके फिरे. जड फ्लायव्हीलने वेग घेतला की खटका सोडावयाचा. साठलेली गतिज ऊर्जा एका दमात हवा दाबून टाकी. मला विचाराल तर, ऊर्जेचे रूपांतर शिकवायला याहून चांगले उपकरण नाही.

लडाखमध्ये मात्र प्रश्न वेगळाच. तिथे भारतीय सैन्य जाड टायरांच्या, कुठेही चालणाऱ्या छोट्या चारचाकी गाड्याही वापरते. तिथल्या थंडीत साध्या डिझेलमधले मेण गोठून गाळणी बुजते. घरातले खोबरेल पहाटे थिजते, तसेच काहीसे. म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे डिझेल तिथे आणले. ते पानिपतच्या कारखान्यात तयार झाले.

कोणी इंजिनाखाली शेकोटी करतो, कोणी हवेच्या नळीपाशी पेटता बोळा धरतो. हे प्रकार तुम्ही करू नका आणि घरात कोणी करीत असेल तर थांबवा. गरम पाण्यात भिजवलेले फडके बाहेरून गुंडाळणे बरे; फक्त विजेच्या तारांवर पाणी जाऊ देऊ नये. आणखी एक. गारठ्यामुळे दार लावून गोठ्यात किंवा शेडमध्ये गाडी सुरू ठेवू नये. चोक ओढलेला असताना पेट्रोल पुरते जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड वायू अधिक निघतो. त्याला ना रंग ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. म्हणून गाडी आधी अंगणात ढकलत आणावी आणि मगच किक मारावी.