मावशीचं मशीन कुठल्या पानावर?

तुमच्या घरी रोजचा हिशेब लिहायची वही आहे का? माझ्या मावशीकडे होती. लाल पुठ्ठ्याची. त्या वहीनं एकदा तिचं शिवणकाम जवळजवळ बंदच पाडलं होतं!

झालं असं. मावशीनं १२,००० रुपयांचं शिलाई मशीन घेतलं आणि ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवायला सुरुवात केली. वर्षभरात शिलाईचे १८,००० रुपये आले. दोरा, सुया, बटणं, अस्तर, तेल यांत ७,००० गेले. काकांनी बेरीज केली : खर्च १९,०००, जमा १८,०००.

"हजाराची खोट! वर रात्री जागून डोळे फोडायचे. विकून टाक ते मशीन."

मावशी गप्पच झाली. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातले दिवाणजी नेमके चहाला आले होते. वही चाळून ते म्हणाले, "अहो, दोरा संपला, तेल संपलं. मशीन संपलं का वहिनी?"

त्यांनी हिशेब नव्यानं मांडला. वर्षभरात वापरून संपतं तो चालू खर्च. पुढची कित्येक वर्षं काम देते ती स्थिर मालमत्ता. पण मशीनही झिजतं, म्हणून दरवर्षी त्याच्या किमतीतली थोडी रक्कम खर्चात धरतात. तिला म्हणतात घसारा. आयकराच्या नियमांत बहुतेक यंत्रांना हा दर १५ टक्के आहे, संगणकाला ४०! (संगणक किती लवकर जुना होतो, हे तुम्हाला सांगायला नको.) १२,००० चे १५ टक्के म्हणजे १,८००. एकूण खर्च झाला ८,८०० आणि नफा ९,२००! वहीत मशीनची किंमत उरली १०,२००. पुढच्या वर्षीचा घसारा या उरलेल्या रकमेवर, म्हणजे १,५३०.

"म्हणजे पैसे गेलेच नाहीत?" काकांनी डोकं खाजवलं.

गेले की! कपाटातून १२,००० गेले, ते काही परत येत नाहीत. पण त्यांच्या जागी मशीन आलं.

खरी गंमत पुढेच आहे. हेच मशीन विकणाऱ्या दुकानदाराकडे ते स्थिर मालमत्ता नसतं, तिथे तो विक्रीचा माल. पट्टा तुटून नवा घातला, तर तो दुरुस्तीचा खर्च. पायमशीनला विजेची मोटर बसवली, तर मात्र ती रक्कम मशीनच्या किमतीत मिळवायची. आणि जमिनीला घसारा नाहीच. ती थोडीच झिजते!

मावशीनं वहीच्या मागच्या पानावर 'मशीन' असं खातं उघडलं. दिवाळीआधी काकांनीच मोटर आणली. ती कुठल्या पानावर लिहायची यावरून दोघांचं पुन्हा वाजलं. मावशी जिंकली.