मोटारीच्या पुढून ठकठक आवाज येऊ लागला तर

आपल्यापैकी पुष्कळ जण सत्तरी ओलांडली तरी स्वतः मोटार चालवतात. कुपात खोलीमला जायचे, शुक्रवारी दुपारपूर्वी शब्बाथची खरेदी उरकायची, दिमोनाहून बेर शेवाला किंवा लोदहून अश्दोदला नातवंडांकडे जायचे, तर गाडीवाचून अडते. अशी गाडी एके दिवशी पुढून ठकठक वाजू लागते. कोणी रेडिओ मोठा करतो, कोणी घाबरून मुसाखवाला सांगेल ते सारे बदलून घेतो. दोन्ही वाटा चुकीच्या. पहिलीत जिवाला धोका, दुसरीत खिशाला. आपले शनवार तेली पूर्वज घाण्याच्या करकरीवरून बिघाड कुठे आहे ते ओळखत असतील. तसे मोटारीचेही थोडेफार ओळखता येते.

प्रथम रचना समजून घेऊ. पुढच्या प्रत्येक चाकाला वरून स्प्रिंग आणि धक्के शोषणारा दांडा, म्हणजे बोलेम झाझुईम, धरून ठेवतो. खालून त्रिकोणी लोखंडी हात धरतो. मुसाखमध्ये त्याला मेशुलाश, म्हणजे त्रिकोणच म्हणतात. हा हात गाडीच्या सांगाड्याला रबरी बुशांनी जोडलेला असतो, आणि चाकाकडच्या टोकाला वाटीत बसवलेला लोखंडी गोळा असतो. आपल्या खुब्याचा सांधा असतो तसाच हा सांधा. मुसाखमध्ये त्याला तापुआख, म्हणजे सफरचंद म्हणतात! स्टिअरिंगचा दातेरी दांडा तो मासरेक, म्हणजे कंगवा. दोन्ही चाकांना जोडणारा, वळणावर गाडी कलू न देणारा दांडा तो मेयात्सेव. ही नावे कानावर असली म्हणजे कारागीर फळबाजाराचे बोलतो आहे की मोटारीचे, असा घोटाळा होत नाही.

सांध्यातले वंगण संपले, रबर उन्हाने चिरले, की दोन लोखंडांमध्ये फट पडते आणि खड्ड्यात ती एकमेकांवर आपटतात. हाच तो ठकठक आवाज.

मुसाखला जाण्यापूर्वी घरच्या घरी काही गोष्टी पाहाव्यात. डिकीतला जॅक, जादा चाक, पाण्याचे कॅन सुटे असले तरी अगदी असाच आवाज येतो, म्हणून डिकी आधी रिकामी करावी. नुकतेच टायर बदलले असतील तर चाकांचे नट घट्ट आहेत की नाहीत ते त्याच दिवशी पाहावे. नट सैल असतील तर ते कसल्याशिवाय गाडी जागची हलवू नये. गाडी सपाट जागेवर उभी करून पुढून पाहावी. एक बाजू खाली बसलेली दिसली तर स्प्रिंग तुटली असण्याचा संभव असतो, आणि तुटलेले टोक टायर कापू शकते. पुढचा कोपरा हाताने जोरात दाबून सोडावा. तो एकदा वर येऊन स्थिरावला तर ठीक, पाळण्यासारखा हलत राहिला तर बोलेम थकला आहे.

आता आवाज केव्हा येतो त्याकडे लक्ष द्यावे. निदानाचे निम्मे काम इथेच होते.

हळू चालवताना, खडबडीत रस्त्यावर भराभर टकटक होते, पण दोन्ही चाके गतिरोधकावरून एकदम गेली की आवाज कमी होतो. असे असेल तर मेयात्सेवच्या टोकांच्या छोट्या दांड्यांवर संशय घ्यावा. दोन्ही चाके एकदम उचलली गेली तर मेयात्सेवला पीळ बसत नाही, म्हणून तो गप्प राहतो. हे दुखणे सर्वांत नेहमीचे आणि त्यातल्या त्यात स्वस्त.

ब्रेक दाबताना किंवा गाडी सुरू होताना एकच जड ठोका बसतो, तेव्हा मेशुलाशच्या रबरी बुशा पाहाव्यात. खडबडीत रस्त्यावर आवाज येतो, पण ब्रेकवर हलका पाय ठेवताच थांबतो, तर दोष ब्रेकच्या सैल भागांत असू शकतो. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवले की वरून, बॉनेटच्या कोपऱ्यातून आवाज येतो आणि स्प्रिंग झटक्याने फिरल्यासारखे वाटते, तर बोलेमच्या माथ्यावरचे बेअरिंग पाहावे. पूर्ण वळवून वेग देताना चाकाच्या फेऱ्याबरोबर टक-टक-टक होते, तो दोष चाक फिरवणाऱ्या अॅक्सलच्या सांध्याचा, सस्पेन्शनचा नव्हे.

ठोका स्टिअरिंगवर हाताला जाणवतो, किंवा स्टिअरिंग बोटभर हलवले तरी चाक हलत नाही, तेव्हा मात्र दिरंगाई नको. तापुआख किंवा स्टिअरिंगचे टोकाचे सांधे झिजलेले असू शकतात. हा सांधा निसटला तर चाक आडवे पडते आणि गाडी हाती राहत नाही. अशा वेळी गाडी चालवत न नेता ग्रार बोलवावा.

वयोमानाने आपले कान मंदावतात, पण ते प्रामुख्याने बारीक, उंच आवाजांना. ठोका जड असतो आणि हातापायांना जाणवतो. तरी शेजारी नातवंडाला बसवून रिकाम्या रस्त्यावर एक फेरी मारावी आणि आवाज कोणत्या बाजूने येतो ते त्याला ऐकू द्यावे. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कोणीही, कधीही शिरू नये.

मुसाखमध्ये “गाडी वाजते” एवढेच सांगू नये. येश दफिकोत मिकादीमा, म्हणजे पुढून ठोके येतात, असे सांगून ते केव्हा, कोणत्या बाजूने, किती वेगाला येतात हे सांगावे. आपण नीट सांगितले की समोरचाही नीट तपासतो. चाक उचलून घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवले की स्टिअरिंगच्या सांध्यांचा ढिलेपणा कळतो. १२ आणि ६ च्या जागी धरून हलवले की तापुआख किंवा चाकाचे बेअरिंग कळते. हे आपल्यासमोर करून दाखवायला सांगावे.

मासरेक बदलायला सांगितला तर जरा थांबावे, कारण ते काम महाग असते आणि मेयात्सेवच्या दांड्यांचा आवाज त्याच्यासारखाच भासतो. ते दोन छोटे दांडे तात्पुरते सोडून कारागिराने थोडे अंतर गाडी फिरवावी. आवाज गेला तर मासरेक निर्दोष.

खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. काम झाल्यावर एफशार लिर्ओत एत हाखेलेक हायाशान, म्हणजे जुना भाग पाहू का, असे निःसंकोच विचारावे. बोलेम दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. मेशुलाश किंवा स्टिअरिंगचे सांधे बदलले तर किव्वून फ्रंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवणे, करून घ्यावे, नाहीतर नवे टायर लवकर झिजतात.

टेस्टच्या वेळी हे सांधे तपासले जातातच. पण ती ठरावीक मुदतीनेच होते, आणि सांधा तारीख पाहून झिजत नाही. या शुक्रवारी खरेदीला निघाल की पहिल्या गतिरोधकावर रेडिओ क्षणभर बंद करून ऐकावे.