शिडाच्या होडीस मोटार केवढी असावी?

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे चिरंजीव, पुतणे व भाचे हल्लीं कॅलिफोर्नियांत, विशेषतः सॅन फ्रॅन्सिस्कोच्या आखाताभोंवतीं, नोकरीनिमित्त स्थायिक झालेले आहेत. त्यांतील एखादा जुनी शिडाची होडी विकत घेतो, सुटीच्या दिवशीं बायकामुलांस घेऊन पाण्यावर जातो, आणि इकडे वडील मंडळींच्या पोटांत गोळा उठतो. मग ‘होडीला चांगली जबर मोटार बसवून घे’ असा उपदेश दूरध्वनीवरून होतो. हा उपदेश मायेचा खरा, परंतु तो शास्त्राच्या कसोटीस उतरतोच असें नाहीं. म्हणून या विषयाचा येथें थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शिडाची होडी वाऱ्यावर चालते. परंतु वारा पडला, किंवा गर्दीच्या धक्क्यास लागावयाचें असलें, म्हणजे यंत्राचें साह्य घ्यावेंच लागतें. होडीच्या पिछाडीस बाहेरून अडकविण्याच्या या यंत्रास आउटबोर्ड मोटार म्हणतात. नॉर्वेंत जन्मलेल्या व अमेरिकेंत वाढलेल्या ओले एव्हिनरूड या कारागिरानें १९०९ सालीं असें यंत्र विक्रीस काढलें. तें दीड अश्वशक्तीचें असून वजनानें ६२ पौंड होतें. त्याच्या नांवाचीं यंत्रें २०२० सालापर्यंत निघत होतीं. आज अडीच अश्वशक्तीची मोटार १८ किलोंच्या आसपास भरते, व एखादा धडधाकट मनुष्य ती एका हातानें उचलूं शकतो.

आतां मुख्य मुद्दा. पाणी कापीत जाणारी जड होडी आपल्या चालीनें एक लाट उत्पन्न करते, आणि वेग वाढेल तशी ही लाट लांब होत जाते. लाटेची लांबी होडीच्या पाण्यांतील लांबीएवढी झाली, कीं होडी जणूं दोन उंचवट्यांमधील खळग्यांत अडकते. याहून वेगानें जाणें म्हणजे स्वतःच्याच लाटेच्या चढणीवर चढणें होय. पाण्यांतील लांबी फुटांत घेऊन तिचें वर्गमूळ काढावें व त्यास १.३४ नें गुणावें, म्हणजे ही वेगमर्यादा नॉटांत, अर्थात् तासीं सागरी मैलांत, मिळते. या मर्यादेजवळ आल्यावर शक्ति दुप्पट केली तरी वेग जेमतेम वाढतो. वाढतो तो आवाज आणि पेट्रोलचा खर्च.

उदाहरणादाखल कॅटलिना २२ ही होडी घेऊं. फ्रँक बटलर याच्या कॅलिफोर्नियांतील कारखान्यांत ती १९६९ च्या सुमारास प्रथम तयार झाली, आणि तिच्या जुन्या प्रती तेथें अजूनहि हातोहात विकल्या जातात. तिची एकूण लांबी साडेएकवीस फूट, तर पाण्यांतील लांबी एकोणीस फूट चार इंच. वरील हिशेबानें तिची मर्यादा ५.९ नॉट येते. तिचें वजन सुमारें २,२५० पौंड. त्यांत चार माणसें, नांगर, पाणी व फराळाचे डबे (आपल्या मंडळींच्या बाबतींत हे डबे हिशेबांत धरलेच पाहिजेत) मिळवून ३,००० पौंड समजूं. दर ५०० पौंडांस एक अश्वशक्ति हा नावाड्यांचा ठोकताळा आहे. त्याप्रमाणें सहा अश्वशक्ति पुरेशी ठरते.

‘पण समुद्र खवळला तर?’ हा वडील मंडळींचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर देण्यास गोल्डन गेट या खाडीमुखासारखें दुसरें ठिकाण नाहीं. आखातांतील सारें पाणी ओहोटीच्या वेळीं या चिंचोळ्या वाटेनें पॅसिफिकमध्यें लोटतें, आणि उधाणाच्या दिवसांत या प्रवाहाचा वेग साडेचार-पांच नॉटांपर्यंत जातो. समजा, आपली होडी पुलाबाहेर आहे, सायंकाळीं वारा पडला आहे, ओहोटी साडेचार नॉटांनीं बाहेर ओढीत आहे, आणि आपणांस आंत यावयाचें आहे. अडीच अश्वशक्तीची मोटार या होडीस शांत पाण्यांत चार नॉटांच्या आसपास नेईल. म्हणजे मोटार जोरानें चालत असतांहि होडी हळूहळू समुद्राकडेच सरकेल. सहा अश्वशक्तीनें साडेपांच नॉट वेग धरला, तर तासास एक सागरी मैल पुढें सरकतां येईल. आणि पंधरा अश्वशक्तीची मोटार आणली तर? होडीची मर्यादा ५.९ नॉट असल्यानें तासास दीड मैलहि पदरांत पडणार नाहीं. अडीच व सहा यांतील अंतर जिवावरचें आहे. सहा व पंधरा यांतील अंतर बहुतांशीं पैशाचें आहे. अशा जागीं खरें रक्षण करतें तें प्रवाहाचें कोष्टक. कोंकणांतील माणूस तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ तोंडीं सांगतो. पण पॅसिफिकच्या त्या किनाऱ्यावर दिवसांतील दोन भरत्या सारख्या नसतात, म्हणून तेथें ही पाऊणकी चालत नाहीं. शिवाय पाण्याच्या उंचीचें कोष्टक वेगळें व प्रवाहाचें वेगळें असतें. निघण्यापूर्वीं दुसरें पाहावें.

अश्वशक्तीइतकेंच, किंबहुना अधिक, महत्त्व आम्ही दांड्याच्या लांबीस देतों. मोटारींचे दांडे साधारणपणें १५, २० व २५ इंचांचे मिळतात. गोल्डन गेटपाशीं उन्हाळ्यांत दुपारीं पश्चिमेचा वारा सुटतो, आणि तो ओहोटीच्या समोरून येत असल्यामुळें लाटा आंखूड व उभ्या उठतात. अशा लाटांत होडीची पिछाडी वर-खालीं होते, आणि दांडा आंखूड असला तर पंखा पाण्याबाहेर येऊन नुसता हवेंत भणभणतो. पाण्याबाहेरच्या वीस अश्वशक्तीपेक्षां पाण्यांतली चार अश्वशक्ति बरी. कॅटलिनासारख्या होडीस २० इंचांहून आंखूड दांडा घेऊं नये. २५ इंचांचा मिळाला तर उत्तम.

पंख्याचेंहि असेंच आहे. हलक्या, पाण्यावरून उडत जाणाऱ्या होड्यांसाठीं पाती अधिक तिरकी असतात. एका फेऱ्यांत पंखा पाण्यांतून जितका पुढें सरकावा तें अंतर त्यांत मोठें असतें. शिडाच्या जड होडीस हें अंतर सहा-सात इंचांचें पुरे. तिला शर्यतीचा घोडा नको, मोटेचा बैल हवा.

वजनाविषयीं एक गोष्ट दुकानदार आपण होऊन सांगत नाहीं. तोहात्सु या जपानी कारखान्याच्या चार, पांच व सहा अश्वशक्तींच्या मोटारी एकाच १२३ घन सेंटिमीटरच्या यंत्रावर बांधलेल्या असून त्यांचें वजन जवळजवळ सारखेंच, सुमारें २६ किलो असतें. तेव्हां चार व सहा यांत निवड करावयाची असेल, तर सहाची घेण्यांत वजनाचा तोटा नाहीं. याच्या वर गेलें कीं मात्र वजन चाळीस किलोंच्या आसपास जातें, होडीची पिछाडी दबते, आणि शिडावरची तिची चालहि मंदावते. विजेच्या मोटारी आवाज व धूर करीत नाहींत, हें आम्हांस मान्य आहे. परंतु एक किलोवॉटच्या मोटारीची नेहमींची बॅटरी पूर्ण जोरावर फार वेळ पुरत नाहीं. तळ्यांत त्या चालतील. खाडीमुखाशीं त्यांच्यावर विसंबूं नये.

मोटारीबरोबर एक तांबडी दोरी येते. तिचें एक टोक कळीस व दुसरें चालविणाऱ्याच्या मनगटास बांधावयाचें असतें, म्हणजे तो पाण्यांत पडतांच यंत्र थांबतें. मुलें बरोबर असतां ती बांधल्यावांचून मोटार सुरू करूं नये. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळें ती होडीच्या तळाशीं सांचते. सबब डबा खालच्या खोलीत न ठेवतां उघड्यावर ठेवावा, व तेथें स्टोव्ह पेटविण्यापूर्वीं नाकानें नीट हुंगून पाहावें. अमेरिकेंतील पेट्रोलमध्यें बहुधा दहा टक्के मद्यार्क मिसळलेला असतो; मोटार आठवडेच्या आठवडे नुसती टांगून ठेवली तर हें पेट्रोल बिघडून कार्बुरेटरच्या बारीक छिद्रांत चिकटा धरतें, आणि मग ऐन वेळीं यंत्र सुरू होत नाहीं. म्हणून घरीं परततांना धक्क्याशीं पोहोंचल्यावर तेलाची नळी काढावी व आंतलें पेट्रोल संपून यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत तें चालूं द्यावें.