गहाणातल्या घराची किंमत

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसरातील एका दुमजली घराच्या ओसरीवर, दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात, मी एका स्नेह्याबरोबर बसलो असताना एक तरुण मूल्यांकनकार हातात मोजणीचे छोटे यंत्र घेऊन आला, आणि ज्या खोल्यांतून त्या घरच्या दोन लेकींची पाठवणी झाली होती, त्या खोल्यांची लांबी-रुंदी भिंतीवर तांबडा ठिपका पाडून त्याने अवघ्या वीस मिनिटांत टिपून घेतली. स्नेह्याचे वाळूजला लेथकामाचे लहानसे वर्कशॉप. त्याच्या भांडवलासाठी राहते घर एका सहकारी बँकेकडे तारण ठेवलेले. कामे आटली, हप्ते थकले, नव्वद दिवस उलटून खाते अनुत्पादक ठरले, आणि आता एकरकमी परतफेडीच्या तडजोडीची बोलणी चालू झाली होती. वहिनींनी रीतीप्रमाणे चहा ठेवला. परंतु शेजारच्या बाईंनी कुंपणावरून ‘घर काढलंय का विकायला?’ असे विचारताच त्या आत गेल्या, त्या पाहुणा जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. स्नेही तर एक शब्दही बोलला नाही. त्याने कागद दाखविले नाहीत, आणि किंमत कशावरून धरणार हेही विचारले नाही.

हे मौन मी नंतर अनेक घरी पाहिले. कर्ज थकले की गृहस्थ मनाने आधीच आरोपी होतो, आणि आपल्या घराची किंमत ठरविण्याचा अधिकारही जणू आपण गमावला अशा समजुतीने तो आकडा सर्वस्वी समोरच्या पक्षावर सोपवितो. त्या समजुतीला कायद्यात कोणताही आधार नाही. थकबाकीदाराने आपल्या घराचे मूल्यांकन स्वतः, स्वतःच्या खर्चाने, आणि शक्य तर तडजोडीचा अर्ज करण्यापूर्वीच करून घ्यावे, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की घराला एकच एक किंमत नसते. पुण्याच्या नोंदणी महानिरीक्षक कार्यालयाकडून जे वार्षिक दरतक्ते जाहीर होतात, ज्यांना आपण बोलण्यात रेडी रेकनर म्हणतो, ते मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी असतात. त्यांत विभागाचा दर असतो, तुमच्या घराची ओल, त्याचा कोपऱ्याचा प्लॉट किंवा त्याच्यासमोर येऊ घातलेला रस्ता नसतो. बँकेच्या अहवालात सामान्यतः तीन आकडे असतात: वाजवी बाजारमूल्य, घाई न करता प्रत्यक्ष हाती पडेल असे वसुलीयोग्य मूल्य, आणि थोड्या मुदतीत विकावेच लागले तर येणारे सक्तीच्या विक्रीचे मूल्य. तिन्ही आकडे आपापल्या कामापुरते खरे असतात. घोटाळा होतो तो एकाच्या जागी दुसरा वाचल्यामुळे.

गणित तसे साधे आहे. आपल्या शहरात ‘वीस बाय तीस’ म्हणजे 600 चौरस फुटांचा प्लॉट. उदाहरणापुरता जागेचा भाव फुटाला 4,000 रुपये धरला तर जागा 24 लाखांची. तळमजल्याचे बांधकाम 500 फूट, आज नव्याने बांधायला फुटाला 1,800 रुपये लागतील असे धरले तर 9 लाख. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीचे आयुष्य ढोबळमानाने 60 वर्षे मानून वीस वर्षांची तिसरा हिस्सा घट वजा केली की उरले 6 लाख. तेवढाच वरचा मजला दहा वर्षांचा असेल तर त्याचे साडेसात लाख. म्हणजे एकूण साडेसदतीस. परंतु मूल्यांकनकार मंजूर बांधकामच हिशेबात धरतो. वरच्या मजल्याचा कागद समोर आला नाही, तर तोच मजला डोळ्यांपुढे उभा असूनही किंमत 30 लाखांवर थांबते.

आणि कागदाचा प्रश्न छत्रपती संभाजीनगरात जितका गुंतागुंतीचा आहे तितका फार थोड्या शहरांत असेल. शहागंज, गुलमंडी, बेगमपुऱ्याकडील जुन्या वाड्यांची मालमत्तापत्रके नगर भूमापन कार्यालयात असतात, आणि त्यांवर कित्येकदा आजोबांच्या पिढीची नावे तशीच राहिलेली असतात. सिडकोच्या वसाहतींत मूळ हक्क भाडेपट्ट्याचा. जेथे तो तसाच आहे तेथे हस्तांतरणाला सिडकोची संमती आणि शुल्क यांचा हिशेब खरेदीदार आधी करतो. निजामी राजवटीतील इनामांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या वस्त्यांत भोगवट्याचा वर्ग पाहिल्यावाचून कोणी भाव सांगत नाही. आणि पुंडलिकनगर, मुकुंदवाडी, सातारा-देवळाई अशा भागांत तुकड्या-तुकड्यांनी विकल्या गेलेल्या जमिनींवरील असंख्य घरे गुंठेवारीची आहेत. त्यांच्या नियमितीकरणाचा कायदा 2001 सालचा. 2021 मधील दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना त्याचे दार उघडले. त्या संधीचा लाभ घेऊन ज्यांनी महानगरपालिकेत शुल्क भरले, त्यांचे प्रमाणपत्र हा आज घराच्या किमतीचाच एक भाग आहे. दोन घरे भिंतीला भिंत लागून असतात, विटा एकाच भट्टीच्या असतात, आणि केवळ या एका कागदाने त्यांच्या किमतीत लाखोंचे अंतर पडते.

माझ्या स्नेह्याने ते प्रमाणपत्र काढले होते. पण ते लोखंडी ट्रंकेत, लग्नपत्रिका आणि घरपट्टीच्या पावत्यांखाली पडून होते. बँकेकडे ते कधी गेलेच नव्हते. पहिल्या अहवालात वरचा मजला नव्हता.

येथे एक नाजूक मुद्दा येतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तडजोडीत सूट मिळवू पाहणाऱ्याला घराची किंमत कमी दिसलेली सोयीची वाटते, कारण तारण विकूनही सगळे येणे वसूल होणार नाही असे दिसल्यावाचून बँक मुद्दलात माघार घेत नाही; रिझर्व्ह बँकेच्या 8 जून 2023 च्या परिपत्रकानेही तडजोडीच्या धोरणात तारणाचे वसुलीयोग्य मूल्य काढण्याची रीत ठरवून ठेवणे बँकांना बंधनकारक केले आहे. म्हणून ‘राहू दे तो मजला बाहेर’ असा सल्ला देणारे भेटतात, आणि माझ्या स्नेह्यालाही ते भेटले. परंतु तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बिजनौर नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात डिसेंबर 2021 मध्ये स्पष्ट केले आहे. बँकेने ती नाकारली की तोच कमी आकडा लिलावाच्या राखीव किमतीचा पाया होतो, आणि जो आकडा आपल्याला वाचवील असे वाटले तोच आपले घर स्वस्तात घालवितो. घरात सत्य लपवून केलेल्या हिशेबाचा भरवसा मी कोणालाही धरू देणार नाही.

लिलावाची वाट कशी जाते तेही ठाऊक असावे. 2002 च्या सरफेसी कायद्याप्रमाणे प्रथम 60 दिवसांची मागणी नोटीस येते. तिला लेखी हरकत घेता येते आणि तिचे उत्तर 15 दिवसांत देणे बँकेवर बंधनकारक आहे. ताबा घेतल्यानंतर विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून किंमत काढून राखीव किंमत ठरवावी लागते, आणि त्या किमतीहून कमी बोलीवर विक्री करायची झाल्यास कर्जदाराची संमती लागते. कारवाईविरुद्ध 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते, आणि ते न्यायाधिकरण आपल्याच शहरात आहे. विक्रीतून देणे फिटून जे उरेल ते कर्जदाराचे असते. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, असा निर्णय घटनापीठाने मे 2020 मध्ये दिला, आणि त्या खटल्यातील बँक आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडची होती. पतसंस्थांची वसुली मात्र निराळ्या वाटेने, सहकार कायद्याच्या कलम 101 च्या दाखल्यावर आणि 1961 च्या नियमांतील 107 व्या नियमाने चालते. तेथे राखीव किमतीला अपसेट प्राईस म्हणतात. कोणतीही वाट असो, देणे फेडून घर सोडविण्याची मुभा अनंत काळ राहत नाही: सरफेसीखाली ती लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच, असे 2016 च्या दुरुस्तीनंतरचे कलम सांगते आणि सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर 2023 मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात तेच सांगितले.

इंग्लंडात 1986 च्या दिवाळखोरी कायद्याखाली सामान्य माणूस धनकोंशी काही वर्षांचा परतफेडीचा करार करू शकतो, आणि त्या मुदतीच्या अखेरीकडे घराची किंमत काढून मालकाच्या वाट्यातून काय उभे राहील ते पाहिले जाते. आपल्याकडे 2016 च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग डिसेंबर 2019 पासून केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झाला. साध्या गृहस्थाला ती व्यवस्था उपलब्ध नाही. त्याच्या हाती उरते ती बँकेशी बोलणी. म्हणून त्या बोलण्यांना जाताना हातात काय आहे याला इतके महत्त्व.

स्नेह्याने अखेर ट्रंक उघडली. काही हजार रुपये शुल्क देऊन त्याने दुसरा नोंदणीकृत मूल्यांकनकार आणला, आणि या वेळी सोबत राहून खरेदीखत, सातबारा, गुंठेवारीचे प्रमाणपत्र, घरपट्टीची अद्ययावत पावती, असे सारे ओसरीवर मांडून ठेवले. त्या मूल्यांकनकाराने गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीखालची चीर पाहिली आणि तिची घटही लिहिली. आकडा तरीही पहिल्याहून बराच वर गेला, आणि त्या रात्री आम्ही दोघांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला, तेव्हा दिसले की सक्तीच्या विक्रीतही देणे जवळपास फिटेल आणि स्वखुशीच्या विक्रीत काही लाख हाती उरतील. सुटीची आशा धरून तडजोडीच्या मागे धावण्याचे कारणच उरले नव्हते. तडजोडीने मिटलेल्या खात्यावर पतनोंदीत ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो. पूर्ण फेडलेल्या खात्याला तो शेरा लागत नाही.

त्याने अहवाल बँकेत लेखी अर्जासोबत दिला आणि विक्रीसाठी मुदत व ना-हरकत पत्र मागितले. ते मिळण्यास दोन महिने आणि बऱ्याच खेपा लागल्या. गिऱ्हाईक मिळाले, त्याची रक्कम थेट कर्जखात्यात जमा झाली, उरलेल्यात बीड बायपासकडे दोन खोल्यांचे घर आले. वहिनींना अजून तेथे करमत नाही.

शेवटचा टप्पा कागदांचा होता. गृहकर्जासारख्या वैयक्तिक कर्जांत पूर्ण परतफेडीनंतर 30 दिवसांत मूळ दस्तऐवज परत करणे, आणि आपल्या दोषाने विलंब झाल्यास दिवसाला 5,000 रुपये भरपाई देणे, डिसेंबर 2023 पासून बँकांवर बंधनकारक आहे. याचे कर्ज धंद्याचे असल्याने त्याने अर्ज देऊन पोच घेतली, बेबाकी दाखला मागून घेतला, आणि तो घेऊन तलाठ्याकडे गेला; कारण बँकेचे देणे फिटले तरी सातबाऱ्याच्या इतर अधिकारातला बोजा आपोआप उतरत नाही, त्यासाठी निराळा फेरफार घालावा लागतो. तो मंजूर होऊन सातबारा कोरा झाल्यावरच नव्या मालकाने घराच्या किल्ल्या घेतल्या.