पाण्यात दिसतं ते काय?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं होतं, 'पाण्याला स्वतःचा रंग नाही, मग ते रंगवायचं कसं?' आज तिथूनच सुरुवात करू.

वाईजवळ मेणवलीला कृष्णेचा घाट आहे, वर नाना फडणवीसांचा वाडा. निवृत्तीनंतर जलरंगाची पेटी घेऊन आम्ही समोरच्या काठावर बसू लागलो. पहिली कितीतरी चित्रं फसली. घाट काढून झाला की तोच उलटा करून खाली ठेवायचा आणि उरलेल्या पाण्यात निळा रंग भरायचा, एवढंच आम्ही करत होतो. प्रत्यक्ष आणि अनुमान यांतला फरक वर्गात आयुष्यभर शिकवला. आणि समोर नदी असताना रंगवत होतो ती मनातली नदी!

प्रतिबिंब म्हणजे उलटी नक्कल नव्हे. आपला डोळा पाण्यापासून जितका वर, तितकाच खाली, पाण्याखाली, दुसरा डोळा आहे असं समजा. त्याला जे दिसेल ते प्रतिबिंबात दिसतं. म्हणून काठावरून पायऱ्यांचा सपाट भाग दिसतो, पाण्यात मात्र फक्त उभा भाग दिसतो. झुकलेल्या फांदीच्या पानांची खालची बाजू दिसते. पायऱ्यांच्या मागं असलेल्या भिंतीचा पायथा प्रतिबिंबात झाकला जातो.

आता रंगाचं पाहा. पायाशी सरळ खाली पाहिलं तर पाण्याचा पृष्ठभाग जेमतेम 2 टक्के प्रकाश परत पाठवतो. बाकीचा आत शिरतो. म्हणून तिथं तळाचे दगड, गाळ, शेवाळ दिसतं. नजर दूर जाते तशी ती तिरकी होते, परावर्तन वाढतं आणि पाण्यात आकाश उतरतं. म्हणजे एकाच नदीत जवळ तपकिरी-हिरवा, दूर आकाशाचा रंग. शिवाय उजळ वस्तूचं प्रतिबिंब थोडं गडद असतं, आणि पाणी गढूळ असेल तर गडद वस्तूचं थोडं फिकट.

हे कागदावर आणायचं कसं? सकाळी लवकर बसावं, तेव्हा बहुधा वारा पडलेला असतो. उन्हात कागद भराभर वाळतो, म्हणून सावल्यांच्या जागा आधीच पेन्सिलीनं ठरवून घ्याव्यात. ऊन सरकलं तरी त्या बदलायच्या नाहीत. घाट आणि त्याचं प्रतिबिंब एकाच बैठकीत रंगवावं. पाण्याचा भाग ओला असताना रंग उभ्या फटकाऱ्यांनी खाली ओढावा. कागदावरची चमक मावळली, पण ओल आहे, अशा वेळी पिळून घेतलेला स्वच्छ चपटा ब्रश आडवा, एकदाच फिरवावा. फिकट पट्टा उठतो. ती वाऱ्याची झुळूक. दुसऱ्यांदा फिरवलात की पाण्याचा चिखल झालाच म्हणून समजा! चकाकीसाठी कोरा कागद राखून ठेवावा.

प्लेटोनं 'रिपब्लिक'मध्ये पाण्यातल्या प्रतिबिंबांना ज्ञानाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसवलं. आपल्याकडे अद्वैतात दृष्टांत आहे : पाणी हललं की सूर्याचं बिंब हलताना दिसतं, सूर्य हलत नाही, थरथर पाण्याची असते. दोन्हीकडे रोख एकच, प्रतिबिंबावर थांबू नका, मूळ वस्तूकडे जा. तत्त्वज्ञानात ते ठीकच आहे. चित्रकाराला मात्र ती थरथरच रंगवायची असते, कारण पाणी म्हणून जे दिसतं त्यातलं बरंचसं तीच असते. आणि पानाची खालची बाजू आम्हाला दाखवली ती त्या खालच्या पायरीवरच्या प्रतिबिंबानंच, हे विसरून कसं चालेल?

तेव्हा एवढंच करून पाहा. पाण्याकाठी गेलात की पहिली दहा मिनिटं ब्रश हातात घेऊ नका. 'पाणी निळं असतं' हे आपल्याला ठाऊक आहे. ते खरंच दिसतंय का, एवढं तपासा. पुढच्या वेळी सावलीकडे वळू.