संगणकाची राखीव दारे

सकाळची वेळ. कचेरी नुकतीच उघडली आहे. तोच कोणीतरी ओरडतो, "अहो, छपाई होत नाही!" जाणकार येतो, छपाईयंत्र पाहतो, तारा पाहतो, सारे ठीक. शेवटी कंटाळून तो सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करतो, आणि काय आश्चर्य, कागद भराभर बाहेर पडू लागतात! "होता काहीतरी बिघाड, गेला," म्हणून मंडळी कामाला लागतात. पण वाचकहो, असा बिघाड पुष्कळदा गेलेला नसतो. तो नुसता दडून बसतो. कुठे, ते आज पाहू.

सर्व्हर म्हणजे एक मोठा वाडा समजा. रस्त्यावरचा पत्ता एकच, पण आत दारे पुष्कळ. या दारांना पोर्ट म्हणतात आणि त्यांचे क्रमांक ० पासून ६५५३५ पर्यंत असतात. काही दारांमागे कोण बसतो हे जगजाहीर आहे: २५ वर टपाल, ६३१ वर छपाई, ९९३ वर सुरक्षित टपालपेटी. १९८३ साली आलेल्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये १०२४ च्या खालची दारे राखीव होती. ती उघडायची तर 'रूट', म्हणजे यंत्राच्या मुख्य कारभाऱ्याचा अधिकार हवा. हीच रीत पुढे लिनक्सनेही उचलली.

आता दुसरी गोष्ट. दूरच्या यंत्राला हाक मारून त्याच्याकडून काम करवून घेण्याची एक पद्धत आहे. तिला रिमोट प्रोसीजर कॉल, थोडक्यात आरपीसी, म्हणतात. सन कंपनीने ती १९८० नंतरच्या दशकात रूढ केली. तिच्यात प्रत्येक सेवेला कायमचे दार न देता एक कार्यक्रम-क्रमांक दिला. फायली वाटून देणाऱ्या एनएफएसचा १००००३, तिच्या सोबतच्या माउंट सेवेचा १००००५. सेवा सुरू झाली की जे दार मोकळे मिळेल ते धरते आणि देवडीवरच्या कारभाऱ्याला कळवते. हा कारभारी म्हणजे पोर्टमॅपर; त्याचे दार मात्र ठरलेले, १११. बाहेरचा माणूस आधी त्याला विचारतो, "१००००५ आज कुठे बसले आहेत?" आणि मग त्या दाराशी जातो.

सोय मोठी खरी. पण घोटाळाही इथेच आहे. रूटच्या अधिकाराने चालणारी आरपीसी सेवा पुष्कळदा राखीव दारांतलेच एक मागते. लिनक्सच्या ग्लिबसी या मूळ संग्रहात तिचा हिशेब असा: चालू कामाचा अनुक्रमांक घ्यायचा, त्याला ४२४ ने भागायचे, बाकी ६०० मध्ये मिळवायची आणि त्या दारापासून मोकळे दार शोधायचे. म्हणजे ६०० ते १०२३ मधले कुठलेही दार! फायलींच्या सेवा लवकर उठतात, छपाईची मागाहून येते. तोवर तिच्या ६३१ वर कोणी ठाण मांडले असेल, तर तिने जावे कुठे? यंत्र पुन्हा चालू केले की अनुक्रमांक बदलतो, दार बदलते, आणि रोग आपोआप बरा झाल्यासारखा वाटतो.

नीट पाहा: दारे राखीव आहेत ती अधिकारासाठी, नावासाठी नव्हेत. रूटचा अधिकार असलेला कोणीही कोणाच्याही जागी बसू शकतो.

मग करावे काय? पहिले म्हणजे, पुरावा पुसू नका. यंत्र बंद करण्याआधी 'एसएस' या आज्ञेने ते दार कोणी धरले आहे ते पाहा. 'आरपीसीइन्फो' ही आज्ञा देवडीवरची यादी दाखवते. दुसरे, माउंटसारख्या सेवांना स्वतःचे ठरावीक दार नेमून द्या. म्हणजे बाहेरच्या पहारेकऱ्यालाही, फायरवॉललाही, कोणाला आत सोडायचे ते कळते. तिसरे, काही लिनक्स वितरणांत वर्ज्य दारांची यादी ठेवता येते. तिच्यात ६३१, ९९३ असे क्रमांक लिहून ठेवावेत. काही ठिकाणी 'पोर्टरिझर्व्ह' नावाचा छोटा कार्यक्रम मिळतो. खरा मालक येईपर्यंत तो जागेवर रुमाल टाकून बसतो. आणि शक्य असेल तर एनएफएसची चौथी आवृत्ती घ्या: तिला २०४९ हे एकच दार पुरते, देवडीवर चौकशीची गरजच नाही.

एक शेवटचे. राखीव दारातून आलेली हाक खरीच असणार, असे पूर्वी मानीत. कारण यंत्रे थोडी आणि कारभारी ओळखीचे. आज ज्याचा संगणक त्याचा तोच रूट. तेव्हा दाराच्या क्रमांकावरून माणसाची पारख करू नये. तिच्यासाठी केर्बेरॉससारखी ओळख पटवण्याची व्यवस्था हवी. दाराचा क्रमांक फार तर जागा सांगतो. आत कोण बसला आहे, हे आपणच जाऊन पाहिले पाहिजे.